घरच्या घरी वेल्डिंग आणि ग्राइंडिंग : यंत्र घेण्याआधीपासून शेवटची ठिणगी विझेपर्यंत

वेल्डिंगमधल्या बऱ्याचशा इजा त्या क्षणी जाणवतच नाहीत. उघड्या डोळ्यांनी आर्क (वेल्डिंगच्या टोकाशी पेटणारा विजेचा लखलखाट) पाहिला, तर डोळे दुखू लागतात ते सहा ते बारा तासांनी, म्हणजे बहुधा मध्यरात्री. जस्ताचा मुलामा असलेल्या पाइपचा धूर छातीत गेला, तर थंडी वाजून ताप भरतो तो त्याच दिवशी रात्री. लाकडाच्या भुश्यात शिरलेली ठिणगी आत धुमसत राहते आणि सामान आवरून दार लावल्यावर पेट घेते. ग्राइंडरच्या (चकती फिरवून लोखंड कापण्या-घासण्याच्या यंत्राच्या) आवाजाने झालेले कानांचे नुकसान ध्यानात यायला तर कित्येक वर्षे जातात. चटका बसला की हात आपोआप मागे येतो. या धोक्यांच्या बाबतीत शरीर अशी सूचना देत नाही, म्हणून सगळी काळजी काम सुरू होण्याआधी, ठरलेल्या क्रमाने घ्यावी लागते.

हा लेख घरी साध्या लोखंडाचे, म्हणजे माइल्ड स्टीलचे, साधारण २ ते ६ मिलिमीटर जाडीचे काम करू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. स्टँड, मांडणी, जाळी, फाटकाची दुरुस्ती अशी कामे त्यात येतात. भार पेलणारे जिने, वाहनाची चेसिस, दाबाची टाकी असली कामे घरी शिकता शिकता करण्याजोगी नाहीत, आणि त्यांचा विचार येथे केलेला नाही.

आधी जागा

उत्तम जागा म्हणजे उघड्यावरची, पण छप्पर असलेली आणि कोरडी फरशी असलेली. ती नसेल तर दोन बाजूंनी हवा खेळेल अशी शेड किंवा गॅरेज चालेल. राहत्या खोलीत किंवा बंद तळघरात वेल्डिंग करू नये. ओल्या जमिनीवर तर अजिबातच करू नये, मग काम कितीही छोटे असो.

कामाच्या ठिकाणापासून सर्व बाजूंनी सुमारे ११ मीटर अंतरात पेट घेणारे काहीही असू नये, असा या क्षेत्रातला रूढ नियम आहे. घरी एवढी मोकळी जागा क्वचितच मिळते. अशा वेळी जे हलवता येईल ते हलवावे आणि जे हलवता येत नाही ते वेल्डिंगसाठी मिळणाऱ्या अग्निरोधक चादरीने किंवा पत्र्याने झाकावे. गोणपाट, पुठ्ठे, रंगाचे व थिनरचे डबे, पेट्रोलचा कॅन, फोमची गादी, तेलाने माखलेली फडकी या वस्तू झाकून भागत नाही, त्या बाहेरच काढाव्या लागतात. ठिणग्या जमिनीवर पडल्या की गोट्यांसारख्या घरंगळत जातात आणि नेमक्या फटीत, गटाराच्या जाळीत किंवा कपाटाखाली शिरतात. म्हणून खाली वाकून एकदा जमिनीच्या पातळीवरून नजर फिरवावी. उभ्याने दिसत नाही असे बरेच काही तेव्हा दिसते. ज्या भिंतीला टेकून काम चालणार आहे तिच्या पलीकडे काय आहे हेही पाहावे, कारण लोखंडी पत्र्यातून किंवा पाइपातून उष्णता पलीकडे पोचते.

सिमेंट काँक्रीटच्या जमिनीवर थेट वेल्डिंग केले, तर आत मुरलेल्या ओलाव्याची वाफ होऊन वरचा पापुद्रा फटकन उडू शकतो. काम लोखंडी टेबलावर किंवा घोड्यांवर उचलून घ्यावे. त्याने कंबरेलाही आराम मिळतो.

हाताशी एबीसी प्रकारचे कोरड्या पावडरचे अग्निशामक नळकांडे आणि एक बादली वाळू ठेवावी. पाण्याची बादलीही असावी, पण ती धुमसणारे लाकूड किंवा कापड विझवण्यासाठी. यंत्र चालू असताना त्याच्याजवळ पाणी मारायचे नाही. लहान मुले आणि पाळीव प्राणी त्या भागात येऊ शकणार नाहीत अशी आडकाठी करावी. आर्कचा प्रकाश मुलांना ओढून आणतो आणि 'बघू नकोस' एवढे सांगून कोणतेही मूल थांबत नाही, म्हणून मध्ये अपारदर्शक आडोसाच उभा करावा.

डोळे आणि चेहरा

पैसे मोजकेच असतील, तर ते आधी हेल्मेटवर खर्च करावेत आणि उरलेल्यात यंत्र घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. साधे यंत्र फार तर खराब टाका मारेल. खराब काच डोळे घेईल.

आर्कमधून तीन प्रकारचा प्रकाश येतो. डोळे दिपवणारा दृश्य प्रकाश, उष्णतेचा अवरक्त आणि न दिसणारा अतिनील. डोळ्याच्या बुबुळावरील पारदर्शक पडदा भाजून निघतो तो अतिनील किरणांमुळे. साधा गॉगल, एक्स-रेची फिल्म किंवा काजळी धरलेली काच लावली की दिपणे कमी होते, त्यामुळे आपण सुरक्षित आहोत असे वाटते. प्रत्यक्षात अतिनील आणि अवरक्त किरण किती थांबले याची कसलीच खात्री नसते, आणि काळोखी आल्याने बाहुली मात्र मोठी होते.

वेल्डिंगच्या काचेवर शेडचा, म्हणजे काळेपणाचा, आकडा लिहिलेला असतो. ६० ते १६० अँपिअरच्या रॉड वेल्डिंगसाठी (रॉड म्हणजे आर्कमध्ये वितळून सांधा भरणारी, लेप दिलेली तार) शेड १० योग्य ठरते, त्याहून जास्त करंट असेल तर ११ किंवा १२. काळोख इतकाच असावा की वितळलेल्या रसाची कड स्पष्ट दिसेल. फार काळी काच लावली की दिसत नाही म्हणून माणूस तोंड आर्कजवळ नेतो आणि नेमका धुरात घालतो.

आपोआप काळे होणारे हेल्मेट नवशिक्याला फार उपयोगी पडते, कारण टाका सुरू करण्याआधी जागा दिसते आणि मान झटकून मुखवटा पाडावा लागत नाही. चांगल्या हेल्मेटची काच सेकंदाच्या पंचवीस हजाराव्या भागाच्या आसपास काळी होते. येथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. प्रमाणित काचेत अतिनील व अवरक्त किरण अडवणारा थर कायम असतो, म्हणजे काच काळी झालेली नसली तरी तो काम करतच असतो. इलेक्ट्रॉनिक भाग फक्त दृश्य प्रकाश कमी करतो. म्हणूनच कुठल्या मानकानुसार तपासणी झाली आहे हे न लिहिलेली काच घेऊ नये, कारण तिच्यात तो थर आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही. दर वेळी काम सुरू करण्यापूर्वी हेल्मेट हातात धरून त्याचे सेन्सर लख्ख उजेडाकडे करावेत आणि काच काळी होते का ते पाहावे. सेन्सरवर शिंतोडे किंवा धूळ बसली असेल तर पुसून घ्यावी. बाहेरची प्लास्टिकची पारदर्शक पट्टी ओरखड्यांनी धुरकट झाली की बदलावी, तिचा खर्च किरकोळ असतो.

हेल्मेटच्या आत साधा पारदर्शक सुरक्षा-चष्मा घालावाच. पाठीमागे पांढरी भिंत किंवा चकचकीत पत्रा असेल, तर प्रकाश परावर्तित होऊन हेल्मेटच्या मागून आत येतो. शिवाय स्लॅग (टाक्यावर जमणारी कडक खपली) झाडताना हेल्मेट वर केलेले असते, आणि डोळ्यात कण जाण्याची ती नेमकी वेळ असते.

शिकत असताना मी स्वतः 'चारच टाके तर मारायचे आहेत' म्हणून काच बाजूला ठेवली होती आणि आर्क पेटताना डोळे घट्ट मिटून घेतले होते. दिवसभर काही जाणवले नाही. रात्री दोनच्या सुमाराला जाग आली ती डोळ्यांत मूठभर वाळू टाकल्यासारखी वेदना होऊन. पापणी उघडली तरी टोचत होते, मिटली तरी टोचत होते, आणि डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. दिव्याकडे पाहवत नव्हते. दुसऱ्या दिवशी आरशात पाहिले तेव्हा पापण्यांची कातडीही भाजून लालबुंद झाली होती. तेव्हापासून एका टाक्यासाठीही मी काच लावतो, आणि शेजारी कोणी उभे असेल तर आर्क पेटवण्यापूर्वी मोठ्याने 'डोळे सांभाळा' असे म्हणतो.

अंगावर काय असावे

जाड सुती किंवा चामड्याचे कपडे घालावेत. नायलॉन, पॉलिस्टर, टेरिकॉट आगीत वितळून कातडीला चिकटतात, आणि ते सोलून काढणे हे मूळ भाजण्याहून वाईट असते. बाह्या मनगटापर्यंत, गळ्याचे वरचे बटण लावलेले, पँट बुटाच्या बाहेरून खाली सोडलेली आणि तिचा काठ न दुमडलेला. दुमड आणि उघडा खिसा ही ठिणग्या झेलणारी भांडीच असतात. खिशात लायटर किंवा काडेपेटी असता कामा नये.

हातमोजे वेल्डिंगचे, लांब मनगटाचे, कोरडे आणि भोक नसलेले असावेत. घामाने भिजलेले मोजे विजेपासून संरक्षण देत नाहीत, म्हणून दोन जोड्या ठेवून आलटून पालटून वापराव्यात. पायात चामड्याचे, पुढे पोलादी टोपी असलेले बूट. अंगठी, साखळी, धातूच्या पट्ट्याचे घड्याळ काढून ठेवावे, कारण त्यांतून वीज वाहिली तर ती क्षणात तापून बोट भाजते. सुती पूर्ण बाह्यांच्या शर्टाने अतिनील किरण बऱ्यापैकी अडतात, पण गळ्याखालचा उघडा त्रिकोण अर्ध्या तासात उन्हाने भाजल्यासारखा होतो, हे बहुतेकांना एकदा भाजल्यावरच कळते.

यंत्राची निवड आणि विजेची जोडणी

घरासाठी डीसी इन्व्हर्टर प्रकारचे, रॉडवर चालणारे यंत्र सर्वांत सोयीचे आहे. ते हलके असते, गॅसचा सिलिंडर लागत नाही, आणि वाऱ्यातही चालते. मिग यंत्रावर (त्यात रॉडऐवजी रिळावरची वायर आपोआप पुढे येते) हात लवकर बसतो आणि पातळ पत्र्याचे काम सुबक होते, पण त्यात वायर, गॅस आणि देखभाल वाढते. शिवाय बंद जागेत आर्गॉन किंवा कार्बन डायऑक्साइड साचून प्राणवायू कमी पडण्याचा धोका असतो. टिग (एका हाताने आर्क धरून दुसऱ्या हाताने तार घालण्याची पद्धत) हा शिकण्याचा पुढचा टप्पा समजावा.

यंत्रावरचा २०० किंवा २५० हा मोठा आकडा पाहून भुलू नये. त्याच्या शेजारी लिहिलेला ड्यूटी सायकल महत्त्वाचा आहे. तो दहा मिनिटांच्या हिशेबाने मोजतात. १६० अँपिअरला ६० टक्के असे लिहिले असेल, तर त्या करंटवर दहातली सहा मिनिटे वेल्डिंग आणि चार मिनिटे विश्रांती. घरच्या कामाला २.५ मिलिमीटरच्या रॉडला ६० ते ९० आणि ३.१५ मिलिमीटरच्या रॉडला ९० ते १३० अँपिअर पुरतात, म्हणजे कमाल करंटवर यंत्र चालवण्याची वेळच येत नाही. रॉड न पेटलेला असताना टोकाशी असणारा व्होल्टेज साधारण ६० ते ८० व्होल्ट असतो आणि तो ओल्या अंगाला धोकादायक ठरू शकतो. व्हीआरडी नावाची सोय असलेल्या यंत्रात हा व्होल्टेज काम थांबताच खूप कमी होतो. दोन यंत्रांत निवड करायची असेल तर ही सोय असलेले घ्यावे.

आता पुरवठा. १०० अँपिअरवर आर्कचा व्होल्टेज सुमारे २४ असतो, म्हणजे नुसत्या आर्कमध्येच २.४ किलोवॉट खर्च होतात. यंत्रातली घट धरली की पुरवठ्यातून तीन किलोवॉट किंवा अधिक ओढले जातात. पंखा किंवा मोबाइल चार्जर लावण्याच्या सॉकेटला हा भार झेपत नाही. वेगळी वायर, योग्य एमसीबी, गळती होताच तोडणारा आरसीसीबी आणि खऱ्या अर्थिंगची पिन असलेले सॉकेट पात्र इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्यावे. एक्स्टेन्शन वापरायचे झाल्यास त्याची वायर किमान २.५ चौरस मिलिमीटरची असावी आणि ती रिळावरून पूर्ण सोडवावी, गुंडाळलेली वायर आतल्या आत तापून वितळते. प्लग थोड्या वेळाने हाताने चाचपून पाहावा. तो गरम लागत असेल तर काम थांबवावे.

वेल्डिंग केबल १०० अँपिअरच्या आसपासच्या कामाला १६ आणि २०० अँपिअरपर्यंत २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची घ्यावी. अर्थ क्लॅम्प सांध्याच्या शक्य तितका जवळ, रंग व गंज घासून चकचकीत केलेल्या जागी लावावा. त्याला आपण अर्थ म्हणतो खरे, पण तो करंट परत यंत्राकडे नेणारा मार्ग आहे आणि सॉकेटमधल्या अर्थिंगशी त्याची गल्लत करू नये. क्लॅम्प दूर लावला की करंट बेअरिंगमधून, साखळीतून किंवा इमारतीच्या सांगाड्यातून वाट काढतो आणि तिथे चटके, ठिणग्या, बिघाड करतो. होल्डरची (रॉड धरणाऱ्या चिमट्याची) फुटलेली मूठ चिकटपट्टीने बांधून चालवू नये, नवी घ्यावी. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू यंत्राच्या जवळ जाऊ नये.

धूर

लोखंड सुमारे १५३८ अंश सेल्सिअसला वितळते. जस्त ९०७ अंशांनाच उकळते. या दोन आकड्यांतच गॅल्व्हनाइज्ड पाइपाची सगळी अडचण आहे, कारण लोखंडाचा रस होण्याच्या कितीतरी आधी वरचे जस्त वाफ होऊन उडते आणि हवेत जळून पांढरा दाट धूर होतो. तो छातीत गेला की काही तासांनी तोंडात धातूची चव, थंडी, ताप, अंगदुखी असा फ्लूसारखा त्रास सुरू होतो. साधारण एक-दोन दिवसांत तो ओसरतो. पण श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर डॉक्टरांकडे जायलाच हवे. यावर खरा उपाय एकच आहे. सांध्याच्या दोन्ही बाजूंना पाच सेंटिमीटरपर्यंतचे जस्त वेल्डिंगपूर्वी घासून काढावे, आणि घासतानाही मास्क लावावा. पाइपाच्या आतला मुलामा मात्र तसाच राहतो, त्यामुळे हे काम उघड्यावर आणि मास्क लावूनच करावे. पिवळसर झाक असलेला जुना प्लेटिंगचा नट-बोल्ट कॅडमियमचा असू शकतो. त्याची वाफ प्राणघातक असते, म्हणून शंका आली तर तो तुकडा वेल्ड करूच नये. स्टेनलेस स्टीलच्या धुरात क्रोमियमचे कर्करोगकारक रूप असते. साध्या लोखंडाचा धूरही निरुपद्रवी नाही : आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगच्या धुराची गणना माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात केली.

धूर सरळ वर जातो. म्हणून डोके सांध्याच्या वर न ठेवता बाजूला ठेवावे. एवढ्या एका सवयीने छातीत जाणारा धूर पुष्कळ कमी होतो. पंखा अंगामागून किंवा बाजूने हळू वाहता ठेवावा. धुराचे कण एक मायक्रॉनहूनही बारीक असतात, त्यांना रुमाल किंवा कापडी मास्क अडवू शकत नाही. हेल्मेटखाली बसणारा एन९५, किंवा त्याहून चांगला पी१०० फिल्टरचा रबरी मास्क वापरावा. दाढीवर तो नीट बसत नाही आणि कडेने धूर आत येतो, हे दाढी असलेल्यांनी लक्षात घ्यावे.

रंग, तेल, ग्रीस आधी साफ करावे, पण क्लोरीनयुक्त द्रावणाने किंवा तशा ब्रेक क्लीनरने कधीही नाही. त्याची वाफ आर्कच्या उष्णतेत आणि अतिनील प्रकाशात आली की फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

तेल, डिझेल, रसायन ठेवलेला ड्रम किंवा टाकी घरी कापू अथवा जोडू नये. 'रिकामा आहे, धुतला आहे' या भरवशावर माणसे मेली आहेत. भरलेल्या ड्रमपेक्षा रिकामा ड्रम अधिक घातक असतो, कारण त्यात वाफ आणि हवा यांचे स्फोटक मिश्रण असते. दोन्ही टोके बंद असलेला स्वच्छ पाइपसुद्धा आतली हवा तापून फुटू शकतो, म्हणून त्याला आधी बारीक भोक पाडावे.

पहिला टाका

नवशिक्याने ६०१३ प्रकारचा २.५ मिलिमीटरचा रॉड घ्यावा. तो सहज पेटतो आणि त्याचा स्लॅग सहज सुटतो. कोणती केबल कोणत्या टोकाला लावायची ते रॉडच्या पाकिटावर लिहिलेले असते. दमट रॉड फार उडतो, पाकीट कोरड्या जागी बंद डब्यात ठेवावे.

आधी त्याच जाडीचा भंगार तुकडा घेऊन करंट जुळवावा. केबल अंगाला किंवा खांद्याला गुंडाळू नये. पाय कोरड्या लाकडी फळीवर किंवा रबरी चटईवर असावेत. मुखवटा खाली आला की काडेपेटीवर काडी ओढावी तसे रॉडचे टोक धातूवर ओढून किंचित उचलावे. आर्कची लांबी रॉडच्या आतल्या तारेच्या जाडीइतकी ठेवावी आणि रॉड पुढे जाण्याच्या दिशेला १० ते २० अंश कलता धरावा. बरोबर जमले की कढईत काहीतरी तळत असल्यासारखा एकसारखा आवाज येतो. आर्क लांब झाला की आवाज पोकळ होतो आणि शिंतोडे उडू लागतात. लक्ष आर्कच्या तेजाकडे नको, त्याच्या मागच्या रसाच्या कडेकडे हवे. रॉड चिकटला तर मनगटाने एकदा हिसका द्यावा. नाही सुटला तर होल्डरची पकड सोडावी आणि यंत्र बंद करून मग तो काढावा. काच वर करून उघड्या डोळ्यांनी ओढाताण करू नये, सुटताना आर्क पेटतोच.

रॉड बदलताना हातमोजे घातलेलेच असावेत. होल्डर काखेत धरणे, गुडघ्यावर ठेवणे किंवा लोखंडी टेबलावर टाकणे या सवयी लागूच देऊ नयेत. त्याला वेगळा लाकडी किंवा रबरी टेकू करावा. उरलेले थोटूक जमिनीवर न टाकता पत्र्याच्या डब्यात टाकावे, कारण बुटाखाली ते गोल फिरते आणि बराच वेळ गरम असते.

स्लॅग थंड होऊ द्यावा आणि मगच हातोडीने झाडावा, तोही आपल्यापासून दूर, पारदर्शक चष्मा लावून. लोखंडाची लाली सुमारे ५०० अंशांच्या खाली दिसेनाशी होते, म्हणजे काळा पडलेला तुकडा हात सोलून काढण्याइतका गरम असतो. तापलेल्या कामावर खडूने 'गरम' असे लिहून ठेवावे. घरात इतर माणसे असतील तर हे विसरू नये.

ग्राइंडर

आर्कची धास्ती सगळ्यांना असते. ग्राइंडरची नसते, आणि माझ्या मते घरच्या कामात त्याची जास्त हवी. १०० मिलिमीटरची चकती मिनिटाला ११,००० फेऱ्यांनी फिरते तेव्हा तिची कड ताशी २०० किलोमीटरहून अधिक वेगाने जात असते. ती फुटली तर तिचे तुकडे त्याच वेगाने निघतात.

चकती बसवण्याआधी ती हातात घेऊन वाचावी. तिच्यावर व्यास, जाडी, भोकाचा व्यास, कशासाठी वापरायची ते आणि कमाल फेऱ्या छापलेल्या असतात. हा फेऱ्यांचा आकडा यंत्राच्या आकड्यापेक्षा जास्त असलाच पाहिजे. मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीचा महिना व वर्ष कोरलेले असते, कारण चकती बांधणारे रेझिन काळाने आणि ओलाव्याने कमकुवत होते. कडेला टवका, केसासारखी चीर किंवा ओलीचा डाग दिसला, अथवा चकती हातातून फरशीवर पडली, तर ती मोडून फेकावी. नुसती फेकली तर दुसरा कोणीतरी उचलून वापरतो.

मोठी चकती बसावी म्हणून गार्ड काढणे हा सर्वांत घातक प्रकार आहे. लहान यंत्राचे फेरे मोठ्या चकतीला सोसत नाहीत, भोकाचा व्यासही वेगळा असतो, आणि फुटलेला तुकडा अडवणारी एकमेव गोष्ट आपणच काढून ठेवलेली असते. लाकूड कापण्याचे दातेरी पाते ग्राइंडरला लावणेही तितकेच वाईट.

चकती बदलताना प्लग काढावा, नुसते बटण बंद करून भागत नाही. नवी चकती लावल्यावर यंत्र अंगापासून दूर धरून अर्धा ते एक मिनिट मोकळे चालवावे. त्या वेळी चकतीच्या रेषेत कोणीही उभे राहू नये. साइड हँडल लावून दोन्ही हातांनी पकड घ्यावी. दाबून धरले तरच चालणारे बटण सरकवून अडकणाऱ्या बटणापेक्षा चांगले, कारण हातातून सुटले की ते यंत्र थांबते.

कापण्याची चकती एक-दीड मिलिमीटर जाडीची असते, तिच्या बाजूने घासकाम करू नये. घासण्यासाठी सहा मिलिमीटरची वेगळी चकती असते, ती १५ ते ३० अंशांत कलती धरतात. पाइप कापताना झटका का बसतो हे एकदा समजले की तो टाळता येतो. दोन टोकांना टेकू दिलेल्या पाइपाच्या मधोमध कापले, तर काप खोल जाईल तसा पाइप मध्ये वाकतो, कापाची फट वरून मिटते, चकती तिच्यात चिमटली जाते आणि यंत्र उसळून अंगावर येते. म्हणून एक बाजू शिकंज्यात घट्ट धरावी आणि कापून पडायचा तुकडा मोकळा लोंबता ठेवावा, म्हणजे काप उघडत जातो. चकतीवर जोर देऊ नये, तिच्या वजनाने तिला कापू द्यावे. शरीर चकतीच्या रेषेच्या एका बाजूला ठेवावे.

ग्राइंडिंगला वेल्डिंगची काळी काच लावू नये. सुरक्षा-चष्मा आणि त्यावर पूर्ण चेहरा झाकणारा पारदर्शक मुखवटा, दोन्ही लावावेत. हातमोजे अंगाबरोबर बसणारे चामड्याचे असावेत, सैल सुती मोजे चकती ओढून घेते. टेबलावर बसवलेल्या ग्राइंडरवर मात्र मोजे घालूच नयेत, आणि त्याचा टेकू दगडापासून तीन मिलिमीटरपेक्षा लांब नसावा. केस, ओढणी, हूडच्या दोऱ्या बांधून आत घ्याव्यात.

ग्राइंडरचा आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो. ८५ डेसिबलला आठ तास आणि पुढे दर तीन डेसिबलला निम्मा वेळ, या हिशेबाने १०० डेसिबलला दिवसाकाठी फक्त पंधरा मिनिटे मिळतात. इअरप्लग किंवा इअरमफ म्हणूनच हवेत, अगदी दोन काप मारायचे असले तरी. ठिणग्यांची दिशाही आधी ठरवावी. त्या काचेत, नंबरच्या चष्म्यात आणि चकचकीत फरशीत रुतून बसतात आणि पुढे गंजाचे डाग पडतात.

काही झालेच तर

विजेचा धक्का बसलेल्या माणसाला हात लावण्याआधी मुख्य स्विच बंद करावा. म्हणून तो कुठे आहे हे घरातल्या दुसऱ्या एका मोठ्या माणसाला आधीच दाखवून ठेवावे, आणि घरी कोणीच नसताना वेल्डिंग करू नये. श्वास थांबला असेल तर मदतीला फोन लावून लगेच छातीवर दाब देणे सुरू करावे.

भाजल्यास वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावे. बर्फ, टूथपेस्ट, तेल, हळद काही लावू नये. अंगठी-घड्याळ सूज येण्याआधी काढावे, चिकटलेले कापड ओढू नये.

डोळ्यात कण गेल्यास चोळू नये. पाण्याने धुऊन निघाला तर ठीक. रुतलेला कण काडीने किंवा रुमालाच्या टोकाने काढण्याचा प्रयत्न करू नये, कारण लोखंडाच्या कणाभोवती काही तासांत गंजाचे कडे तयार होते आणि ते डॉक्टरांनाच काढावे लागते. आर्क लागून डोळे दुखत असतील तर अंधाऱ्या खोलीत विश्रांती घ्यावी, कॉन्टॅक्ट लेन्स काढाव्यात आणि डॉक्टरांना दाखवावे. दुखणे साधारण दोन दिवसांत थांबते. डोळा बधिर करणारे थेंब घरी वारंवार घालू नयेत, त्यांनी वेदना कळत नाही आणि बुबुळाची जखम भरतही नाही.

काम आवरताना

रॉड होल्डरमधून काढावा, यंत्राचा पंखा थोडा वेळ चालू देऊन मग स्विच बंद करावा आणि प्लग काढावा. ग्राइंडर खाली ठेवताना चकती पूर्ण थांबलेली असावी. लोखंडाचा कीस ब्रशने गोळा करावा, दाबाच्या हवेने उडवू नये. कामाचे कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुऊ नयेत, आणि हात-तोंड धुतल्याशिवाय काही खाऊ नये.

त्यानंतर किमान एक तास त्या जागेची राखण करावी. हा तास कामाचाच भाग धरावा, म्हणजे अंधार पडायला तासभर असतानाच शेवटचा रॉड संपवावा. दर पंधरा मिनिटांनी कोपरे, फटी, भिंतीची पलीकडची बाजू पाहावी, वास घ्यावा, आणि शंका येईल तिथे हाताची मागची बाजू जवळ नेऊन ऊब लागते का ते पाहावे. लागली तर त्या जागी पाणी ओतून पुन्हा घड्याळ लावावे.